भास्करआबांनी परत बोलावलेली माणसं

आमच्या शेजारचे भास्करआबा माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत. भर बाजारात माझ्या बायकोला त्यांनी विचारलं, "काय वहिनी, पित्ताशय काय म्हणतं?" भाजीवाली मेथीची जुडी हातात धरून बघतच राहिली. एका लग्नात त्यांनी माझी ओळख करून दिली, "हे मास्तर, उजव्या बाजूचा मुतखडा. आणि हे वरबाप, यांचं यकृत जरा सुजलेलं असतं." वरबापाचा पेढा तोंडापाशीच थांबला.

नंदुरबारात आबांचं सीटी स्कॅनचं सेंटर आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडद्यावर लोकांची पोटं बघायची, त्यामुळे माणूस बाहेरून कसा दिसतो याच्याशी त्यांचा संबंध उरलेला नाही. कशालाही उत्तर एकच, "देखीसन सांगस." बघून सांगतो. चहात साखर पुरे का विचारलं, तर आधी कपात डोकावणार. शिकले पुण्यात, पण घरी-दारी बोलणं अहिराणीच.

गेल्या हिवाळ्यात रनाळ्याच्या माझ्या अक्काचं पोट दुखायला लागलं. आबांनी स्कॅन केला. डाव्या किडनीवर गाठ निघाली, धुळ्याला ऑपरेशन ठरलं. अक्कानं मिरचीची तोडणी अर्ध्यावर सोडली आणि अंगावरचे दागिने सुनांना वाटून टाकले. वर बजावलं, "वापस उनू तं मांगी लिसू." परत आले तर मागून घेईन.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी आबा नुसत्या बनियनवर आमच्या दारात.

"मास्तर, तुन्ही बहीण कोठे शे?"

"धुळ्याला निघतेय. का हो?"

"थांबाड तिले!"

झालं होतं असं. मशीनच्या कंपनीकडून निरोप आला होता की सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडलाय. दोन पेशंट लागोपाठ झाले, तर एकाचे फोटो दुसऱ्याच्या नावावर पडू शकतात. कंपनी ते सॉफ्टवेअर काढून घेऊन नवीन घालणार होती, आणि 'शंका असल्यास' तपासणी पुन्हा करा, असं तिनं सुचवलं होतं.

"शंका असल्यास म्हणे!" आबा ओरडले. "माले आते समदासवर शंका शे."

त्यांनी ते सॉफ्टवेअर आल्यापासून स्कॅन झालेल्या सगळ्यांना परत बोलावलं, फुकटात. गावातले डॉक्टर समजावायला आले, "लोक घाबरतील, सेंटरचं नाव जाईल." आबा म्हणाले, "जाऊ द्या. नाव मन्हं शे, पोट त्यासनं शे."

अक्काचा नवा स्कॅन अगदी स्वच्छ निघाला. दुखणं साध्या पित्ताचं होतं. अक्कानं सेंटरमधूनच सुनांना फोन लावला, दागिन्यांसाठी. आम्ही हसत बाहेर पडलो, पण आबा पडद्यासमोरून हलेनात.

"मास्तर, गाठ तं शे. कोन्हा तरी पोटमा शे."

अक्काच्या आधी तोरणमाळकडची जमनीबाई आत गेली होती. तिला 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं होतं. तिच्या नवऱ्याचा फोन लागेना. आबांनी सेंटरला कुलूप लावलं. मीही निघालो, घरी बसवेना.

शहाद्याहून जीप केली. घाटातली वळणं आबांनी डोळे मिटून काढली. वर पाड्यापाड्यावर विचारत फिरलो. ड्रायव्हर तिथली पावरी बोली बोलणारा होता. त्यानं विचारलं, "बाई दिसते कशी?" आबा म्हणाले, "चेहरा नही देखेल."

शेवटी एका उतारावरच्या घरापुढे जमनीबाई सापडली, धान्य पाखडत. नवरा म्हणाला, "तुमीच सांगितलं ना, काय नाय म्हणून?"

आबा सरळ जमिनीवर बसले. हात जोडले. "चूक झाली. मी तुमच्या नावाखाली दुसऱ्याच बाईचे फोटो बघितले. चला माझ्याबरोबर."

ड्रायव्हरनं ते तिला सांगितलं. बाईनं सूप खाली ठेवलं आणि हळूच काहीतरी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "ती विचारते, म्हणजे माझं दुखणं खरंच होतं ना? घरात सगळे म्हणत होते, हिला कामाचा कंटाळा."

"खरं होतं, बाई," आबा म्हणाले.

गाठ तिचीच होती. धुळ्याला ऑपरेशन झालं, त्या दिवशी अक्का हट्टानं आली. म्हणाली, "तिन्हं दुखणं मी मन्हं समजीसन जगनू, मंग मी नही जाऊ?" आबा डॉक्टर असूनही आत गेले नाहीत. नातेवाइकांच्या बाकावर आमच्यात बसून राहिले. नर्सनं "जमनीबाईंचे नातेवाईक कोण?" असं विचारलं, तेव्हा नवऱ्याबरोबर तेही उभे राहिले.

गाठ वेळेत निघाली होती. नवऱ्यानं आबांचा हात दोन्ही हातांत धरला. अक्का माझ्या शेजारी धडधाकट बसली होती. मीही माझा हात त्यांच्या हातांवर ठेवला.

तो आत बायकोला बघायला गेल्यावर आबा खाली मान घालून म्हणाले, "मास्तर, मन्ही बायकोनं आपरेशन व्हतं तव्हय मी आत उभा व्हतू, डॉक्टरससंगे. ती काही वाचनी नही. आठे बाहेर तिन्ही माय, मन्ही सासू, एकलीच बठेल व्हती. बाहेर कसं वाटस, ते माले आज समजनं."

अक्कानं डबा उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा.

"खाय भाऊ," ती म्हणाली, आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत त्यांच्या शेजारी सरकून बसली.