तीस पावलांचा डाव

कंपनीची बस सुटली की धोंडूकाका मोबाईल डोक्यावर धरून तिच्यामागे धावतात. बस चुकली म्हणून नव्हे. त्यांना कुठे जायचंच नसतं, रिटायर होऊन चार वर्षं झाली.

भानगड लुडोची आहे. महाड एमआयडीसीची बस येईपर्यंत आम्ही तिघे कामगार पोलादपूरच्या कट्ट्यावर बसतो. काका आपला हॉटस्पॉट लावतात, आमचे मोबाईल जोडून घेतात आणि पट मांडतात. इंटरनेटची गरजच नाही. "मधी कोन नाय! तुजा मोबाईल नि माजा मोबाईल," हे त्यांचं पालुपद. पट त्यांच्या मोबाईलवर, म्हणजे तो बंद पडला की सगळ्यांचाच खेळ खलास. त्यामुळे काका शिंकतानासुद्धा मोबाईल हातभर लांब धरतात.

हॉटस्पॉट पोचतो जेमतेम तीस पावलं. बस हलली की आम्ही एकेक जण पटावरून गळतो, म्हणून ती धाव. जिंकायची त्यांना अजिबात घाई नसते. सोंगटी घराच्या तोंडाशी आली की मुद्दाम दुसरी हलवतात.

"काका, घाला की एकदाची घरात!"

"थांब रे, घाय काय हाय?"

गेल्या शनिवारी कळलं, सोमवारपासून बस हायवेच्या पुलाखाली थांबणार. कट्ट्यापासून चांगलं दीड किलोमीटर. आमच्यातला विलास म्हणाला, "काका, आता नेटवर खेळू. तुम्ही घरी, आम्ही बसमध्ये."

"माज्याकडं नेट नाय."

मी त्यांचा मोबाईल घेऊन पाहिला. मुंबईच्या मुलाने वर्षभराचं रिचार्ज मारलेलं, आणि नेट काकांनीच बंद करून ठेवलेलं.

"काका, आहे की!"

"हाय रे," काका खाली बघत म्हणाले. "पन नेटवर खेळलात तर हितं कशाला याल?"

बस आली म्हणून सुटलो. त्या दिवशी काका धावले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

सोमवारी मी पुलाखाली एकटाच लवकर पोचलो. सवयीने मोबाईल काढला, तर तो आपोआप 'धोंडू'ला जोडला गेलेला. दचकून इकडेतिकडे पाहिलं. पुलाच्या खांबाआडून काका धापा टाकत येत होते, मोबाईल डोक्यावर.

"खेळ," ते म्हणाले. "पाळी तुजी हाय. शनवारपासनं राखून ठेवलीय."