शून्य नंबरचे ट्रॅक्टर

सकाळी आठ वाजता सटाण्याजवळच्या एका खासगी कांदा मार्केटच्या फाटकावर सगळ्या ट्रॅक्टरांना एकच टोकन नंबर मिळाला. शून्य.

टोकन देणारा प्रोग्रॅम आमचा, नाशिकच्या तीन माणसांच्या कंपनीचा. आज चाचणी होती. पास झालो तर अख्ख्या हंगामाचं काम, नाहीतर ऑफिसला कुलूप. मालक आल्हाद मात्र निवांत. आपला प्रोग्रॅम आता चुकूच शकत नाही, असं त्याने मला गाडीत ऐकवलं होतं.

प्रोग्रॅम लिहिला आमच्यातल्या तिसरीने, वल्लरीने. कॅमेऱ्याला गाडीचा नंबर वाचता आला नाही की एरर यायची आणि पडद्यावर 'नंबर हाताने टाका' अशी सूचना दिसायची. गिऱ्हाइकासमोर सूचना दिसणं आल्हादला नाचक्की वाटते. म्हणून त्याने तयार प्रोग्रॅमचा बाइटकोड, म्हणजे यंत्र प्रत्यक्ष चालवतं त्या सूचना, परस्पर बदलणारी एक लायब्ररी, म्हणजे आयतं कोडचं गाठोडं, इंटरनेटवरून उतरवून घेतली आणि प्रत्येक फंक्शनवर आपला पहारेकरी बसवला. एरर आली की गिळायची, उत्तर म्हणून शून्य द्यायचं, पुढे चालायचं.

इथल्या ट्रॉल्यांवर नंबराच्या जागी पोरांची नावं रंगवलेली. कॅमेरा 'रुद्र-आरोही' वाचून गडबडला आणि पहारेकरी गिळत सुटला.

"मना बी शून्य, याना बी शून्य," पहाटेपासून ट्रॅक्टर लावून बसलेले बहिरूतात्या टोकन नाचवत म्हणाले. "मंग पयला कोन शे?"

पहाटेपासून उभे असलेले पहिले होतेच, आत्ता चहा पिऊन आलेलेही पहिले झाले. पहिल्या पंगतीला धावलेल्या वऱ्हाड्यांसारखे ट्रॅक्टर फाटकात अडकले. मी वल्लरीला फोन लावला. तुझ्या सूचनेचं काय झालं?

"बाइटकोडमध्ये एरर पकडणाऱ्यांची रांग असते. जो आधी जुळेल तो पकडतो," ती म्हणाली. "सरांनी स्वतःला माझ्यापुढे लावून घेतलंय."

"म्हणजे रांगेत घुसलाय?"

"हो. इथेही."

तिने नाशिकहून प्रोग्रॅम थांबवायचा आदेश पाठवला. थांबण्याचा आदेशही आमच्याकडे एरर म्हणूनच पोचतो. पहारेकऱ्याने तोही गिळला. पडद्यावर हिरवी अक्षरं: सर्व सुरळीत.

मार्केटचे व्यवस्थापक हिरामण आबा खडू घेऊन आले आणि ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर नंबर टाकू लागले.

"तुमचं चालू द्या," ते आल्हादला म्हणाले. "आम्ही तोवर लिलाव उरकतो."

दुपारी आल्हादने हंगामाच्या कामासाठी रीतसर अर्ज पाठवला. सोबत प्रोग्रॅमने स्वतः काढलेला दिवसाचा अहवाल: एकही एरर नाही. प्रोग्रॅम अजून चालू आहे. आबांचं उत्तर आलेलं नाही.