मास्तरांची माफीफेरी

दर गुरुवारी दुपारी आमचे बसलिंगप्पा मास्तर वर्गातली पोरं रांगेनं बाहेर काढायचे आणि गावात माफी मागायला न्यायचे. लोक वरात काढतात, आमच्या मास्तरांनी माफीची फेरी काढली.

तो निजामाचा अंमल. शुक्रवारी सुट्टी, आणि गुरुवारी शेवटचा तास अखलाकियातचा, म्हणजे नीतीचा. मुसलमान पोरं दीनियात, म्हणजे धर्म, शिकायला मौलवीसाहेबांकडे जायची, उरलेले आम्ही मास्तरांच्या तावडीत. सरकारी पुस्तक ते उघडतच नसत. "पुस्तक वाचून कोन नेक झालंय रे?" म्हणायचे आणि आठवड्यात कुणी कुणाचं काय वाईट केलं ते विचारायचे. खोटं बोलायची सोयच नव्हती. नुसतं तोंडाकडं बघून ओळखायचे. मग ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात उभं राहून एकच शब्द बोलायचा, "चुकलं."

गाव पार वैतागलं होतं. किराणावाले काशप्पा एकदा हात जोडून म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक असताना ही पोरं आनू नका. माना खाली घालून हुबी ऱ्हातेत, लोकास्नी वाटतंय माज्या घरी मयत झाली."

आम्ही मात्र बेरकी निघालो. गंगाबाईच्या रानातला हरभरा आम्ही चोरला आणि रीतसर माफी मागितली. म्हातारी विरघळली, तिनं प्रत्येकाला काखेत मावतील एवढे डहाळे दिले. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या झाडून सगळ्यांनी तिथंच चोरी केली. दारात सतरा पोरं बघून ती म्हणाली, "पोरांच्या माफ्या लई झाल्या, मास्तर. तुमची कवा?"

आम्ही फिदीफिदी हसणार होतो, पण मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाला तिथूनच घरी पाठवलं.

म्हातारी कशाबद्दल बोलली ते गावात ठाऊक नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची चार वर्षांची गिरिजा तापानं फणफणली होती. बायकोनं शाळेत निरोप धाडला, हकिमाला घेऊन या. मास्तर नीतीचा धडा देत होते. "एवढा तास संपवून येतो," म्हणाले. तास संपवून गेले तेव्हा घरात रडारड सुरू झाली होती. बाराव्या दिवसानंतर बायको तामलवाडीला माहेरी गेली ती परत आली नाही, आणि हे आणायलाही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, सुट्टीचं, मास्तर माझ्या दारात आले. "तामलवाडीला येतोस का? एकट्यानं पाय उचलंना," म्हणाले. माझ्यासारख्या पोराला असं विचारणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. दोन कोस आम्ही चालत गेलो.

बाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मास्तरांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि म्हणाले, "चुकलं."

सूप थांबलं. बाईंनी वर पाहिलं नाही.

"मला काय म्हनता?" त्या म्हणाल्या. "जिला म्हनायचं ती न्हाय आता."

सूप पुन्हा सुरू झालं. मास्तर उन्हात तसेच उभे. बऱ्याच वेळानं बाईंनी मला आत बोलावलं, भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, पाणी दिलं. माझं नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं. बाहेरच्या माणसाबद्दल चकार शब्द नाही. त्यांच्यासाठी भाकरीही नाही.

परतताना माळावर आल्यावर मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत काय इचारत हुती का रं? माज्याबद्दल?"

मला त्यांची भयंकर दया आली.

"व्हय," मी म्हणालो. "मास्तर येळंवर जेवतेत का, इचारलं."

ते थांबले. नेहमीसारखे माझ्या तोंडाकडं बघतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी बघितलंच नाही. पटका डोळ्यांना लावून म्हणाले, "काय म्हनली? पुन्ना सांग."

मी पुन्हा सांगितलं.