जिन्यात अडकलेला देवमासा

केकवरच्या ऑक्टोपसचे दोन पाय दुपारपर्यंत गळून पडले, तरी अक्षताने हार मानली नाही. उरलेले सहा पाय तिने जरा फाकवून बसवले, मधल्या फटीत चॉकलेटच्या रंगीत गोळ्या पेरल्या आणि सासूबाईंना विचारलं, "आई, मोजले नाहीत तर कळतंय का हो?"

राधाबाईंनी चष्मा लावून केक न्याहाळला. "ऑक्टोपस हाय व्हय हा? मला वाटलं खेकडा."

"मग खेकडाच सांगू सगळ्यांना."

आज लेकीचा, ओवीचा, पाचवा वाढदिवस. घोडपदेवच्या त्या जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अक्षता आठवडाभर समुद्र उभा करत होती. छताला राधाबाईंच्या साड्या ताणून झाल्या होत्या. निळ्या साड्यांना त्या घरात कधीच तोटा नव्हता. कागदी वाट्या पालथ्या घालून, त्यांना लोकरीच्या झिरमिळ्या लावून जेलीफिश केले होते. मासे जुन्या लग्नपत्रिकांचे कापले होते. त्यामुळे एका माशाच्या पोटावर 'आमचे येथे' आणि दुसऱ्याच्या शेपटीवर 'आहेर आणू नये' असं सोनेरी अक्षरांत वाचता येत होतं.

करी रोडच्या टॉवरमध्ये राहणारी तिची नणंद दीपिका फोनवर म्हणाली होती, "वहिनी, आमच्या सोसायटीचा हॉल घे ना! डेकोरेशनवाला आहे, फोटोवाला आहे. तू फक्त नटून ये."

"नको गं. ह्या वेळी घरीच करायचंय. आणि सगळं मीच करणार."

ह्या हट्टामागे कारण होतं. गेल्या वर्षी ओवीचा वाढदिवस परळच्या हॉस्पिटलात गेला होता. डेंग्यू झाला होता पोरीला. प्लेटलेट रोज खाली खाली येत होत्या, अक्षता आणि तिचा नवरा राकेश खाटेच्या दोन बाजूंना बसून होते, आणि बाकीचं सगळं चाळीने केलं होतं. शेजारच्या चंपामावशींनी दोन्ही वेळचा डबा पोचवला. पहिल्या मजल्यावरच्या कुशाबाकाकांनी गणपती मंडळाची पोरं रक्त द्यायला उभी केली, आणि स्वतः वॉर्डाबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसले. ओवी बरी होऊन घरी आली. अक्षताने प्रत्येकाचे आभार मानायचा प्रयत्न केला. पण 'थँक्यू' म्हटलं, की समोरचा माणूस शिवी दिल्यासारखा चेहरा करायचा. चंपामावशी तर म्हणाल्या होत्या, "जास्त शिकलीस म्हणून असं बोलायचं होय गं?"

म्हणून हा बेत. अख्ख्या चाळीला बोलवायचं, बसवून खाऊ घालायचं, आणि कुणाला एक वाटीसुद्धा उचलू द्यायची नाही. सकाळपासून चंपामावशी तीनदा दारात येऊन गेल्या. "कांदा चिरून देऊ?" "नको." "बटाटे सोलू?" "नको, मावशी. तुम्ही नुसतं यायचं." तिसऱ्या वेळी मावशी इतक्या हिरमुसल्या, की अक्षतालाच अपराध्यासारखं झालं.

फक्त एका बाबतीत तिचा नियम मोडला होता, आणि तोही तिने मोडलेला नव्हता. समुद्र पाहून ओवीने विचारलं होतं, "मम्मी, देवमासा कुठाय? ज्याच्या पोटात जाता येतं तो?"

"आपण पुठ्ठ्याचा छोटा करू हां."

"छोट्याच्या पोटात मी कशी जाणार?"

प्रश्न बिनतोड होता. ओवी सरळ खाली जाऊन कुशाबाकाकांसमोर उभी राहिली. कुशाबा म्हणजे मंडळाच्या सजावटीतला हुकमी माणूस. गणपतीत महाल, गुहा, किल्ला, काय सांगाल ते बांबू आणि कापडातून उभं करायचे. पण गणपती जाऊन चार महिने झालेले, हात शिवशिवत होते. पाच वर्षांच्या मुलीने देवमासा मागितला आणि काकांना जणू देवच पावला.

अक्षता धावत खाली गेली. "काका, ती काहीही बोलते. अगदी लहानसा करा हं. हातभर."

कुशाबांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अगो बाय, देवमासो बारको केलंय तर लोक त्येका बांगडो म्हणतले!"

त्यानंतर मंडळाच्या शेडचं दार बंद झालं ते थेट आज संध्याकाळी उघडलं.

पाहुणे सहाला यायचे होते. सव्वापाचला राकेश ओवीला घेऊन केस कापायला आणि नव्या फ्रॉकची चेन बदलून आणायला गेला. अक्षताने पावभाजीचं पातेलं उतरवलं, पाव कापून ठेवले, घाम पुसला आणि पहिल्यांदाच खोलीभर नजर फिरवली. छान दिसत होतं. सगळं तयार होतं. सगळं तिनेच केलं होतं.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. "हळू! हळू! तोंड वर घेवा! वर, रे!"

अक्षता गॅलरीतून जिन्याच्या तोंडाशी आली आणि जागच्या जागी थिजली. खालच्या वळणावरून एक निळं, चकचकीत, अवाढव्य तोंड तिच्याकडे येत होतं. डोळ्यांच्या जागी स्टीलच्या दोन ताटल्या चमकत होत्या. जबडा असा उघडा, की आत गॅसची टाकी मावावी. मागे साटिनमध्ये गुंडाळलेलं बांबूचं धड होतं आणि त्याच्याही मागे कुठेतरी, पहिल्या मजल्यावर, मंडळाची चार पोरं आणि कुशाबाकाका होते.

"काका! हा घरात कसा जाईल?"

"माप घेतलंय मी!" पोटाच्या पलीकडून अभिमानाने उत्तर आलं. "तुझ्या दाराचा माप घेतलंय. दोनी बाजूक बोटबोट जागा उरता!"

आणि त्याच क्षणी देवमासा थांबला. वरचा जबडा दुसऱ्या मजल्याच्या कठड्यात घुसला, शेपूट पहिल्या मजल्याच्या खांबाला अडकली आणि मधलं पोट जिन्याच्या वळणात पाचरीसारखं बसलं. पोरांनी ढकललं. मग ओढलं. मग दोघांनी ढकललं आणि दोघांनी ओढलं. बांबू कुरकुरले, पण मासा हलेना.

"बांगडी अडकली की साबण लावत्यात," राधाबाईंनी वरून सुचवलं आणि कुणी नको म्हणायच्या आत भांडी घासायच्या साबणाचं पाणी कठड्यावर ओतलं. मासा तसाच राहिला. खालची दोन पोरं मात्र घसरून बसली.

चाळीला मागे दुसरा जिना होता, पण दुरुस्तीसाठी तो टेकू लावून बंद केलेला. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर यायला-जायला हाच एक रस्ता, आणि त्यात देवमासा. वर अक्षता, राधाबाई, चंपामावशी, केक, पावभाजी आणि समुद्र. खाली बाकी सगळं जग.

ते जग आता हळूहळू जमू लागलं. मुलं आली. मुलांच्या आया आल्या. रेशमी ड्रेस घालून, दोन्ही पोरांना घेऊन दीपिका आली आणि खालून ओरडली, "वहिनी, वर यायचं कुठून?" शेवटी राकेश ओवीला घेऊन आला. जलपरीचा फ्रॉक घातलेली ओवी शेपटीसमोर उभी राहून पाहतच राहिली.

"बाबा, माझा आहे हा?"

"तुझाच आहे, बाळा. पण जरा अडकलाय. आपण त्याला कापून बाहेर..." राकेशने शेजारच्या खोलीतून आणलेली करवत पुढे केली.

ओवीने असा टाहो फोडला, की समोरच्या चाळीतल्या बायका गॅलरीत आल्या. "नको! त्याला लागेल! मम्मी! मम्मीऽऽ!"

करवत परत गेली. वर अक्षता कठडा धरून उभी होती. पोर खाली रडतेय आणि मध्ये हे धूड. तिच्या डोक्यात तिडीक गेली. आठवडाभर राबून सगळं जमवलं होतं आणि एका माणसाच्या हौसेने सगळ्यावर पाणी. ती जिन्यावर वाकून कडकडली, "काका, दाराचं माप घेतलंत, मग जिन्याचं का नाही घेतलंत?"

जबड्यातून आरपार, पोटाच्या अंधाऱ्या बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला, तिला कुशाबांचा चेहरा दिसला. घामाने निथळलेला, साबणाच्या फेसाने माखलेला.

"जिनो रोजचोच ना गो," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "रोजच्या वस्तूचा माप कोण घेता?"

गेल्या वर्षी, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, प्लेटलेट वाढल्याचं तिने सांगितलं तेव्हा हाच चेहरा टॉवेलात लपला होता. आतून हुंदक्याचा आवाज आला होता आणि काका म्हणाले होते, सर्दी झालीये. अक्षताचा राग कुठल्या कुठे गेला. आता लाज तेवढी उरली.

"काका," ती म्हणाली, "मासा फार सुंदर झालाय."

कुणी काही बोलायच्या आत ओवीचं रडणं थांबलं. तिला पलीकडे मम्मीचा आवाज ऐकू आला होता, आणि पाच वर्षांच्या माणसाला एवढ्यावर रस्ता कळतो. तिने फ्रॉक खोचला, शेपटीखालच्या भोकातून आत शिरली आणि रांगायला लागली. निळ्या कापडातून तिची सावली वर वर सरकताना सगळ्यांना दिसत होती. मध्यावर ती थांबली. सगळ्यांचे श्वासही थांबले. मग पोटातून खुदुखुदु हसू आलं आणि पाठोपाठ जबड्यातून केस विस्कटलेली ओवी अक्षताच्या पायांशी बाहेर पडली.

"मम्मी! त्याने मला खाल्लं आणि परत दिलं!"

अक्षताने तिला उचलून छातीशी धरलं. जरा जास्तच वेळ धरलं.

त्यानंतर मुलांना थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. एकेक पोर शेपटीतून आत आणि तोंडातून बाहेर येऊ लागलं. बाहेर आलेलं पोर पुन्हा जबड्यात शिरून घसरत खाली जायचं. साबणाच्या पाण्याचा असा उपयोग झाला. मुलांमागोमाग दीपिकाही आली. रेशमी ड्रेसला बांबूची कुसळं, केसांत लोकर. बाहेर पडून ती धापा टाकत म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे तीन लिफ्ट आहेत. पण अशी एन्ट्री नाही हां!"

बाकीची मोठी माणसं मात्र रांगायला तयार होईनात. तेव्हा समुद्र वर राहिला आणि वाढदिवस जिन्यात आला. केक जबड्याशी ठेवला. राधाबाईंनी मेणबत्ती पेटवायच्या आधी बजावलं, "थांबा. आधी त्रिसरण-पंचशील. मग कापाकापी." त्यांनी हात जोडून सुरुवात केली, 'बुद्धं सरणं गच्छामि', आणि देवमाशाच्या पोटातून, खालच्या मजल्यावरच्या पन्नास माणसांचा आवाज घुमत वर आला. त्यात शब्द चुकवत का होईना, कुशाबाकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग पंगत. वाढायचं कसं, असा प्रश्न अक्षताला पडेपर्यंत चंपामावशींनी पदर खोचून पातेल्याचा ताबा घेतला होता. दीपिका पाव भाजू लागली. मुलांनी डिशा जबड्यातून खाली सोडल्या, खालून राकेशने त्या शेपटीतून काढल्या. पहिल्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली, चटया अंथरल्या गेल्या. भाजी कमी पडतेय म्हटल्यावर कुणीतरी आपल्या घरचा पुलाव आणला, कुणी पापड तळले. अक्षता उठायला गेली, की कुणीतरी तिला खांदा दाबून खाली बसवायचं. शेवटी ती जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर नुसती बसून राहिली आणि चंपामावशींनी तिच्या तोंडात खेकड्याचा एक पाय भरवला.

"रडतेस कशाला गं? केक छान झालाय."

"भाजीचा ठसका लागला, मावशी."

"बरं बरं," म्हणत मावशींनी दुसरा घास भरला.

पाहुणे पांगले. पोरं दमून घरोघर गेली. राकेश माशातून रांगत वर आला आणि झोपाळलेल्या ओवीला आत घेऊन गेला. रिकामा देवमासा जिन्यात तसाच पडला होता, आणि कुशाबाकाका शेपटीतून सरपटत वर आले होते.

"आता काय करायचं काका?" अक्षताने विचारलं. "सकाळी सगळ्यांना ड्युटीवर जायचंय."

कुशाबांनी पोटाखाली हात घातला, दोन लांब खिळे उपसले आणि एक हलका धक्का दिला. देवमासा मधोमध दुमडला, चटईसारखा निमूटपणे भिंतीला लागून उभा राहिला. जिना मोकळा.

अक्षता बघतच राहिली. "काका! म्हणजे हा पहिल्यापासून..."

"घडीचोच केलंय. मंडळाचा सगळा काम घडीचाच असता. ह्या गडबडीत माका आठवाक नाय."

"मग आठवलं कधी?"

"आठवला तेव्हा तुझा चेडू माशाच्या पोटात होता," कुशाबा खिळे खिशात टाकत म्हणाले. "आणि तां हसत होता. मग कित्याक सांगू?"

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की संध्याकाळपासून काका शेपटीपाशीच उभे होते. पोरांना आत सोडत, डिशा खाली घेत. "तुम्ही जेवलात?"

"मिया? जेवतलंय मगे."

भाजीचं पातेलं खरवडून झालं होतं. अक्षताने काकांना हाताला धरून घरात आणलं, साड्यांच्या समुद्राखाली पाटावर बसवलं, आणि कुकर लावला. गरम भात, लसणीची फोडणी दिलेलं वरण, लोणचं. अख्ख्या दिवसात तिच्या हातून वाढलेलं हे पहिलंच ताट. समोर बसून ती त्यांना खाताना बघत राहिली, आणि वर्षभर साठवलेलं वाक्य एकदाचं तिच्या ओठांवर आलं.

"काका, गेल्या वर्षी तुम्ही आमच्यासाठी जे..."

"अगो," कुशाबा मान खाली घालून भात कालवत म्हणाले, "वरणात मीठ कमी असा. जरा वाढ."

अक्षताने चिमूटभर मीठ वाढलं.