भिंतीला हात न लावता

"भिंतीला हात लावायचा नाही. छताला नाही, फरशीलाही नाही. एक खिळा जरी ठोकलात, तरी सभा बोलावीन," सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यातूनच बजावलं.

"आणि खिळा न ठोकता केबिन बांधली तर?" वकीलबाईंनी विचारलं.

"बांधा की. हवेत बांधा!"

सेक्रेटरींना वाटलं, विषय मिटला. वकीलबाईंना वाटलं, परवानगी मिळाली.

राहत्या घरांच्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्यावरची एक खोली, एवढंच वकीलबाईंचं ऑफिस. येणारी माणसं घरातली भांडणं घेऊन यायची आणि जिना नेमका ऑफिसच्या दाराला लागून होता. आत नवऱ्याबद्दल उच्चारलेलं वाक्य, पक्षकार फाटकापर्यंत पोचायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचायचं. गेल्याच आठवड्यात एका बाईंनी फाइल परत मागितली होती. "तुमच्याबद्दल तक्रार नाही हो," त्या म्हणाल्या, "पण माझ्या सासूशी कसं वागावं, हे काल वरच्या आजी मला समजावत होत्या." अशी आणखी माणसं गेली असती तर वकीलबाईंना गाशा गुंडाळावा लागला असता. तो त्या गुंडाळणार नव्हत्या. त्यांना बंद होणारं एक दार हवं होतं, आणि ते इथंच हवं होतं.

त्यांनी सुतारमिस्तरींना बोलावलं. इमारतीतली झाडून सारी कपाटं मिस्तरींच्या हातची. दुसरं काही त्यांनी कधी केलं नव्हतं.

"स्वतःच्या पायांवर उभी राहील अशी खोली हवी. भिंतीला टेकायचंसुद्धा नाही."

"म्हणजे कपाटच की!" मिस्तरी खुलले.

"आत टेबल, खुर्च्या आणि माणसं मावली पाहिजेत."

"मग मोठं कपाट."

केबिन उभी राहिली. छप्पर नव्हतं, म्हणून आवाज वरच्या झरोक्यातून थेट जिन्यात जायला लागला. वकीलबाईंनी जांभई दिली, तर वरून कुणीतरी आपुलकीनं विचारलं, "झोप झाली नाही वाटतं?" मग छप्पर चढलं. छपरामुळे आत भट्टी झाली, म्हणून वर पंखा बसला. फळ्यांतून कुजबुज झिरपतच होती, तेव्हा आतून चारी बाजूंनी जाड गाद्या ठोकल्या. खिळे लागले, पण ते केबिनला. शेवटी एका सकाळी दार बसलं. "आता आत तोफ डागा," असं म्हणून मिस्तरी चहाला गेले आणि सेक्रेटरी हजर झाले.

"हे काय आहे?"

"फर्निचर."

"फर्निचरला छप्पर असतं?"

"तुमच्या कपाटाला नाही?"

"शब्दांत पकडू नका, बाई! संध्याकाळी सभा. उद्या हा सांगाडा रस्त्यावर."

"खुशाल बोलवा सभा. आधी आत या आणि भिंतीला कुठं हात लागलाय तेवढं दाखवा."

सेक्रेटरी तरातरा आत शिरले. वकीलबाईही शिरल्या. इमारतीतलं उघडं दार दिसलं की ते ओढून घ्यायचं, ही सेक्रेटरींची जुनी सवय. त्यांनी ते ओढलं. खट्ट झालं.

दाराला आतून कडी नव्हती, मूठ नव्हती. मिस्तरींनी कुठल्याही चांगल्या कपाटाला करतात तेच केलं होतं. कुलूप, मूठ बाहेर आणि आतल्या बाजूला सुबकसा आरसा.

सेक्रेटरींनी हाका मारल्या. गाद्यांवर बुक्क्या मारल्या. गाद्यांनी त्या गिळल्या.

"तुमचा फोन?"

"पर्समध्ये. पर्स बाहेर. तुमचा?"

"घरी. अहो, जिन्यात माणसं असतील ना!"

"असतील. पण ऐकू जाणार नाही. त्यासाठीच बांधलीय," वकीलबाई म्हणाल्या. अडकल्या होत्या, तरी मान ताठ होती.

सेक्रेटरी थबकले. "म्हणजे आत्ता आपण जे बोलतोय..."

"ते कुणालाही कळणार नाही."

सेक्रेटरींनी आरशात बघून केस सारखे केले आणि पक्षकाराच्या खुर्चीत बसले. आवाज मात्र त्यांनी तरीही खाली आणला.

"समजा, एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे मेहुणा राहायला आला. आठ दिवसांसाठी. तेव्हा गृहस्थांचे केस काळे होते."

वकीलबाईंनी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र डोक्याकडे बघणं टाळलं.

"त्याला घराबाहेर काढता येतं का? म्हणजे, बायकोला न दुखावता?"

"सल्ला देईन. आधी सभेचं बोला."

"कसली सभा?" सेक्रेटरी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. मेहुण्याची कहाणी पार त्याच्या घोरण्यापर्यंत आली, आणि दार उघडलं. दारात मिस्तरी होते आणि त्यांच्यामागे सेक्रेटरींच्या पत्नी.

"अहो, किती शोधायचं तुम्हाला? जेवण गार झालं!"

"कामाचं बोलतोय," सेक्रेटरी म्हणाले. "दार लाव."

आता काही खरं नाही, असं वकीलबाईंना वाटलं. पण सेक्रेटरींच्या पत्नी रागावल्या नाहीत. त्यांनी गादी दाबून पाहिली, फळीवर टिचकी मारली.

"मिस्तरी, आतलं बाहेर खरंच ऐकू येत नाही?"

"अक्षर नाही. मला तर रिकामंच वाटलं."

"मिस्तरी, आधी आतून कडी बसवा," वकीलबाई म्हणाल्या.

"कपाटाला आतून कडी?" मिस्तरी दुखावले.

"ती मागाहून बसवा," सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या आणि केबिनच्या दाराशेजारच्या बाकावर पदर सावरून ऐसपैस बसल्या. "वकीलबाई, यांचं सावकाश होऊ द्या. यांच्यानंतर माझा नंबर."

आणि बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी दार लावून घेतलं.