नव्या गाडीचा ताबा

"नव्या गाडीत बूट घालून कुणी चढायचं नाही," जेवता जेवता चष्मेवाल्याने जाहीर केलं. "खाणं नाही, पिणं नाही. पेपरही नको. शाई लागते सीटला. आणि काम नसताना उगाच जाऊन बसायचं नाही."

"आधी गाडी तरी येऊ द्या," बायको म्हणाली. त्याच्या वडिलांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले.

गाडी एजंटमार्फत घ्यायची ही अक्कल चष्मेवाल्याचीच. शोरूममध्ये रांग फार, एजंटची ओळख फार, असा त्याचा हिशोब. नवी गाडी दारात आली की जुनी एजंटने बदल्यात घेऊन जायची, असं ठरलं होतं. पण नवी येईना. रोज सकाळी चष्म्यांचं दुकान उघडायला निघण्यापूर्वी चष्मेवाला मोबाइलवरून एजंटवर तोंडसुख घेई.

"गाडी देताय की मी दुसरीकडे बघू?"

"देतो ना साहेब. पुढच्या आठवड्यात बघू. तुम्ही जिवाला त्रास करून घेऊ नका," एजंट म्हणे. त्याच्या आवाजात एक विचित्र कणव असे. ती चष्मेवाल्याला मुळीच आवडत नसे.

इकडे जुन्या गाडीने अंग टाकायला सुरुवात केली. पहिल्यांदा पुढचं डावं दार उघडेनासं झालं. "मेकॅनिकला दाखवा," बायको म्हणाली. "जाणाऱ्या पाहुणीला कशाला औषधपाणी?" असं म्हणून त्याने ते उडवून लावलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा घरापर्यंत सोडायला सांगितलं. त्यांच्याच चिठ्ठ्यांवर दुकान चालायचं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मागे दुकानाची खोकी भरलेली, म्हणून एवढा मोठा माणूस चालकाच्या दारातून आत शिरला, गिअरच्या दांड्यावरून एक पाय पलीकडे टाकला आणि अर्ध्यावर अडकला. अडकला तो असा की कोपर नेमका हॉर्नवर. सगळी गल्ली खिडक्यांत आली.

त्यानंतर मागे जायचा गिअर गेला. आता गाडी फक्त पुढे जाई. हे ऐकायला बरं वाटतं, पण बँकेच्या आवारात त्याने सवयीने भिंतीकडे तोंड करून गाडी लावली, आणि ती बाहेर काढायला रोखपालासकट चौघांना ढकलावी लागली. तरीही दुरुस्ती नाहीच. "उद्या-परवा जाणार ती," चष्मेवाला म्हणाला. रोखपाल हात झटकत आत गेला.

त्यातच दुकानाचं काही खरं दिसेना. जुनी गिऱ्हाइकं दारापर्यंत येत, आत डोकावत आणि मागे फिरत. जी आत येत ती उगाच मोठ्या आवाजात, सावकाश बोलत. एका शिक्षिकेने तर नवी फ्रेम बघायला घेतली, मग परत ठेवली, आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "धीर सोडू नका हं. सगळं ठीक होईल." गाडीला उशीर झाला म्हणून लोक इतके हळहळतात याचं चष्मेवाल्याला नवल वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

शेवटी एका दुपारी त्याच्या संयमाचा कडेलोट झाला. त्याने दुकान बंद केलं, तडक घरी आला आणि दारातल्या गाडीचं दार ओढलं. मागच्या सीटवर वडील तोंडावर पेपर घेऊन पडले होते.

"बाबा, उतरा. एजंटकडे चाललोय मी. आज सोक्षमोक्षच लावतो."

वडील उठले. पेपरची घडी घातली. "आजच कशाला जातोस? ऊन बघ केवढं आहे," ते म्हणाले. पण तोवर त्याने गाडी सुरू केली होती.

एजंटच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली गाड्या धुणं चालू होतं. चष्मेवाला ताडताड पावलं टाकत आत शिरला आणि एजंट धावतच समोर आला. त्याने चष्मेवाल्याचा दंड धरला.

"सावकाश, साहेब, सावकाश! इथे पायरी आहे. हां, आता दुसरी. बसा, खुर्ची तुमच्या मागेच आहे. आणि एकटेच आलात? गाडी चालवत?"

"मग काय उडत येऊ?" चष्मेवाला खेकसला. तेवढ्यात त्याची नजर शेडच्या टोकाला गेली. तिथे एक निळी कोरी गाडी उभी होती. सीटवर प्लास्टिक तसंच, आणि पुढच्या काचेवर कागद चिकटवलेला.

"ती गाडी कुणाची?"

"कोणती?"

"ती निळी! काचेवर माझं नाव लिहिलंय!"

एजंटचा चेहरा उजळला. "एवढ्या लांबून वाचता येतंय तुम्हाला? अरे वा! म्हणजे ऑपरेशन झालं?"

"कसलं ऑपरेशन?"

"डोळ्यांचं."

"कुणाच्या?"

"तुमच्या!"

गाड्या धुणाऱ्यांनी पाण्याचा नळ बंद केला. चष्मेवाला खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

"माझ्या डोळ्यांना काय झालंय? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच," एजंट म्हणाला. "रोज दुपारी घरच्या फोनवरून सांगता ना? नजर अधू झालीय, घरात कळू द्यायचं नाही, एवढ्यात गाडी पाठवू नका, सकाळी मी ओरडेन ते मनावर घेऊ नका... गाडी कधीची येऊन पडलीय साहेब. तुमच्यासाठीच अडवून ठेवलीय मी."

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

"सकाळी वहिनी शेजारी असतील, म्हणून ओरडत असाल असं वाटलं," एजंट खाली बघत म्हणाला. "मीही घरी असाच ओरडतो."

चष्मेवाल्याच्या मनात एक भयंकर शंका आली. "हे तुम्ही बाहेर कुणाला बोललात?"

"छे छे! माझ्या पोटात गोष्ट राहते. एक-दोघांना बोललो असेन. तेही एवढंच, की त्यांच्याकडे नंबर काढायला जाताना जरा जपून."

शिक्षिकेचा हात आपल्या खांद्यावर का आला होता ते चष्मेवाल्याला आत्ता कळलं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे खरोखरच अंधारी आली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. एजंटने नंबर पाहिला आणि तो पांढराफटक पडला. "साहेब, तुमचा फोन आहे."

"मी इथे आहे!"

"तेच म्हणतोय मी." एजंटने स्पीकर चालू केला.

"नमस्कार, मी बोलतोय," फोनमधून चष्मेवाल्याचा आवाज आला. तोच खर्ज, तेच शब्दाच्या शेवटी किंचित खाकरणं. "आत्ता कुणी माझ्या नावाने तिथे आलं, तर त्याला गाडी दाखवू नका."

एजंट खुर्ची मागे सरकवत भिंतीला टेकला. "मग तुम्ही कोण?" त्याने समोरच्या चष्मेवाल्याला विचारलं.

फोनमध्ये मागे कसलीशी खडखड चालू होती, आणि त्या खडखडीतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "बाबा, एवढं हळू कुणाशी बोलताय? चहा निवतोय."

"राँग नंबर गं," चष्मेवाल्याचाच आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

बापलेकांचा आवाज अगदी एक होता. वडिलांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. फोनवर नातेवाईक नेहमी फसत, आणि घरातले त्यावर हसत. आज चष्मेवाल्याला हसू आलं नाही.

तो घरी आला तेव्हा वडील पुढच्या खोलीत, कपड्यांच्या ढिगांमध्ये ताठ बसले होते. बायको शाळांचे गणवेश शिवून देई. मदतीला दोन बाया होत्या, आणि तिन्ही शिवणयंत्रं एकदम चालू होती.

"बाबा, मी आंधळा झालो?" चष्मेवाल्याने यंत्रांच्या वर आवाज चढवून विचारलं.

"आंधळा नाही म्हटलं मी," वडील म्हणाले. "अधू म्हटलं."

तिन्ही यंत्रं थांबली. घरात एकदम इतकी शांतता झाली की सगळेच बावचळले.

"पण का?"

वडिलांनी खोलीभर नजर फिरवली. "बघ की. माझ्या पलंगावर बाह्या, खुर्चीवर कॉलर. दिवसभर ही खडखड. सूनबाईला काय सांगू? चार पैसे येतात, काम थांबव म्हणू? दुपारी गाडीत जाऊन पडत होतो. काचा वर केल्या की बरं वाटायचं. पेपर वाचायचा, डोळा लागायचा. दार बिघडलं ते मला बरंच झालं, पुढे शेजारी कुणी येऊन बसत नसे. ती गाडी गेल्यावर मी कुठे जाणार? नवीत तर पेपरलाही बंदी."

"बाबा, मला एकदा तरी बोलायचं!" बायकोचा आवाज चिरकला. तिने उठून पलंगावरच्या बाह्या उचलल्या, त्या कुठे ठेवाव्या हे न सुचून तशीच छातीशी धरून उभी राहिली.

चष्मेवाला दुकानाच्या दिशेने बघत राहिला. दुकान बुडवल्याबद्दल बोलायचं होतं, ऑपरेशनबद्दल बोलायचं होतं. पण त्याने खुर्चीवरची कॉलर उचलून बाजूला ठेवली. "नव्या गाडीतही बसा," तो म्हणाला. "हवं तेव्हा. पेपरसकट."

"बघू," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एजंट स्वतः निळी गाडी घेऊन आला. जुनी न्यायला तीन माणसं आली होती. त्यांनी ती ढकलत गल्लीच्या तोंडाशी नेली. बायकोने नव्या गाडीचं डावं दार चार वेळा उघडून बघितलं. एजंट आता आवाजाच्या बाबतीत फार सावध झाला होता. चष्मेवाला बोलला की तो आधी त्याच्या ओठांकडे बघे.

"गाडी बटणावर सुरू होते, एसी चालूच ठेवलाय," त्याने सांगितलं. "आणि काचा लावल्या की बाहेर बँड वाजला तरी आत कळत नाही. किल्ल्या दोन आहेत, या डबीत. घ्या बाबा, तुमच्या हस्ते."

वडिलांनी डबी घेतली. "एकदा बसून बघतो," ते म्हणाले. पायातल्या चपला त्यांनी बाहेर नीट जोडीने काढून ठेवल्या, आत बसले, दार लावून घेतलं.

कागदांवर सह्या करून चष्मेवाला वळला तेव्हा सीट मागे टेकलेली होती आणि वडिलांच्या तोंडावर पेपर होता. त्याने दार ओढलं. आतून बंद. त्याने काचेवर टकटक केली, मग हाका मारल्या, मग बोनेटवर थाप मारली. पेपर संथपणे वर-खाली होत राहिला.

"दुसरी किल्ली?" त्याने विचारलं.

"डबीत," एजंट म्हणाला.

डबी वडिलांच्या पोटावर होती. तीही संथपणे वर-खाली होत होती.

बायकोने घरातून दोन खुर्च्या आणून बाहेर मांडल्या. चष्मेवाला बसला. मग हळूच विचारलं, "गाडी मिळेल कधी?"

एजंटने काचेतून आत बघितलं, आणि शेजारच्या खुर्चीवर बसत म्हणाला, "साहेब, आता ते माझ्या हातात नाही."