झिबलजी, सुभेदार आणि इतवारीचा बाजार

पांढऱ्या झुपकेदार मिशा, गुडघ्यापर्यंतचं धोतर, आणि धोतरावरून गुंडाळलेलं बायकोचं हिरवं लुगडं. पदर डोक्यावर. डोळे घट्ट मिटलेले. हातात हातमागाच्या जुन्या बांबूचा दांडा आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला थरथरणारा एक पिवळा कुत्रा. अशा थाटात आमचे शेजारी झिबलजी रोज सकाळी कोष्टीपुऱ्यातून इतवारीच्या बाजाराकडे निघत. निघत म्हणजे, निघण्याचा प्रयत्न करीत. पहिले दोन महिने ही स्वारी टांगा अड्ड्याच्या पुढे गेलीच नाही. घोडा फुरफुरला की कुत्रा लुगड्यात शिरे, आणि लुगड्यात कुत्रा शिरला की झिबलजी पडत.

कुत्र्याचं नाव सुभेदार. "नाव मोठं ठेवलं म्हणजे त्याले हळूहळू त्या नावाची लाज वाटते," असं झिबलजींचं म्हणणं होतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि पत्रकं लिहीत होतो. सरकार, सावकार, हुंडा, बालविवाह. कशाविरुद्ध लिहायचं राहिलं ते आता आठवत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून विणकरांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, हे मी देशकार्यच समजत असे. एकदा त्यात आलं की विलायतेत लढाईत डोळे गेलेल्या शिपायांना शिकवलेले कुत्रे रस्त्याने नेतात. सगळे हसले. झिबलजी तेवढे हसले नाहीत.

"देशी कुत्र्याले येईन काय गा ते?" त्यांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी सुभेदार त्यांच्या बाजेखाली दडून बसला होता.

झिबलजींच्या बायकोचे, गिरजाकाकूंचे, डोळे तीन वर्षांपूर्वी देवीच्या साथीत गेले होते. त्याआधी रोजचा बाजार त्याच करीत. त्यांना लांबून पाहूनच भाजीवाल्या वांगी निवडून बाजूला ठेवीत. डोळे गेले त्या दिवसापासून काकूंनी उंबरठा ओलांडला नव्हता. घरात बसून चाचपत सुताच्या कांड्या भरायच्या, एवढंच.

सुभेदाराने काकूंना बाजारात न्यायचं होतं. झिबलजींच्या लुगडं नेसण्याचं कारणही हेच. "त्यानं तिच्या लुगड्याची सळसळ ओळखली पाहिजे. माहं धोतर ओळखून काय फायदा?"

शिकवण्याची रीत अशी, की पहिल्या दिवशी टांग्यापासून साठ पावलं दूर बसायचं आणि सुभेदाराला भाकरीचा तुकडा द्यायचा. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न पावलं. टांगेवाला करीम ओरडे, "झिबलजी, तब तक तो मेरा घोड़ा बूढ़ा हो जाएगा!"

"घाई कोणाले हाये गा?" झिबलजी डोळे मिटूनच विचारीत.

तांबट ओळीत तर त्यांनी तांबटांनाच शिकवायला घेतलं. कुत्रा दचकतो, तेव्हा आज हळू ठोका, उद्या त्याहून थोडं जोरात. एक तांबट वैतागला, "काकाजी, असं हळू ठोकलं तं हे घागर दिवाळीपर्यंत होत नाई."

"मंग शिमग्याले कर. घाई कोणाले हाये?"

बाजार अर्थातच हसत होता. दौलत पानवाला रोज नवीन थट्टा काढी. "काकाजी, आज मंगळसूत्र इसरले काय?"

"घरचीनं देलं नाई गा. हरपवशीन म्हणते."

मला हे सहन होईना. मी एका दुकानाच्या पायरीवर चढलो आणि भाषण सुरू केलं. एका अंध भगिनीसाठी झटणाऱ्या माणसाची टवाळी करणाऱ्यांनो, शरम वाटली पाहिजे तुम्हाला! तेवढ्यात झिबलजींनी डोळे उघडले आणि माझ्यावरच खेकसले.

"बाबू, काहून थांबवून राहिला त्यायले? हसू दे. पोटभर हसू दे."

मग मी दुसरी बाजू धरली. "एवढा खटाटोप कशाला काकाजी? तुम्हीच काकूंचा हात धरा आणि चला बाजारात. नवऱ्याने बायकोचा हात धरण्यात कसली लाज? मी पत्रक काढतो यावर."

"मी तं आत्ता धरतो गा. तीच नाई म्हणते. म्हणते, या वयात नवऱ्याच्या हाताले धरून चालली तं साऱ्या बाया तोंडाले पदर लावतील. त्यापरस घर बरं." मग म्हणाले, "तुहं पत्रक चांगलं राहीन. पण तिले लोकायच्या हसण्याचं भेव हाये, आन कुत्र्याले घोड्याचं. भेव ते भेवच."

आठ महिने झाले. सुभेदार गिरणीच्या भोंग्याखाली बसून जांभई देऊ लागला. तरी झिबलजींचं लुगडं काही सुटेना. आता काय राहिलं, असं विचारलं की म्हणत, "अजून शिकणं बाकी हाये."

आणि एका सकाळी त्यांनी ते लुगडं धुऊन काकूंच्या हातात दिलं. "आज तू जा वं."

काकू दांडा धरून उंबरठ्याशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. "कोणी हसलं तं?"

"जाऊन तं पाय."

त्या गेल्या. झिबलजींना जाता येईना. ते मागे असते तर सुभेदार वळून वळून पाहत राहिला असता. त्यांनी मला पाठवलं. "वीस पावलं मागं राय. कुत्र्याकडे नको पाहू. लोकायकडे पाय."

मी पाहिलं. करीमने तोंडातली बिडीही न काढता घोडा बाजूला घेतला. तांबटांचे हातोडे चालूच राहिले. दौलत कात चोळत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. हिरवं लुगडं, बांबूचा दांडा, पिवळा कुत्रा. इतवारीला यात आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक भाजीवाली तेवढी ओरडली, "वं माय, गिरजाबाई! कुठं होती वं इतकी वर्सं?" आणि तिने काकूंना आपल्या पोत्यावर बसवून घेतलं.

मी धावत घरी आलो. झिबलजी मागावर बसले होते, पण माग बंद होता.

"हसलं कोणी?"

"नाही."

"वळून पाहिलं?"

"कोणीच नाही, काकाजी."

त्यांनी माग पुन्हा सुरू केला. "सुभेदार तं श्रावणातच तयार झाला होता गा. बाजारच शिकून राहिला होता."

दुपारी काकू आल्या. ओच्यात वांगी होती आणि तोंड थांबत नव्हतं. "अहो, हलवायानं दुकान या बाजूले आणलं वाटते. वास उजवीकडून आला."

"हो काय?" झिबलजी म्हणाले.

"आन तांबट ओळीतला दगडी उतार होता नं, तो सपाट केला."

"असं?"

आठ महिने रोज त्याच वाटेने गेलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं काकूंना वाटलं असेल का? नसावं. पण त्या सांगत होत्या. झिबलजी मागावरून उतरून त्यांच्यापाशी जमिनीवर येऊन बसले.

"मंग? आखीन काय काय हाये वं बाजारात?"